काळी, पांढरी आणि सिमेंटचे पोते

जुने महसुली कागद चाळणाऱ्यांना 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द चांगलेच ठाऊक असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. गावाची ही वाटणीच मुळी मातीच्या रंगावरून झालेली. शाळेत इतिहास शिकवताना मी हे सांगितले की एखादा चुणचुणीत पोरगा हमखास विचारायचा, "गुरुजी, पण गावाची माती पांढरी का?" प्रश्न बिनतोड आहे. काही ठिकाणी नदीकाठचा चुनखडी मिसळलेला गाळ असतो म्हणून. पण बऱ्याच ठिकाणी ती वस्तीनेच पांढरी केलेली असते. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, त्यावर पुन्हा बांधलेल्या आणि पुन्हा पडलेल्या भिंती. पुरातत्त्व खात्याची माणसे जुन्या वस्त्या शोधतात त्या अशाच पांढरीच्या टेकाडांवरून.

आपल्या आजे-पणज्यांनी घराच्या भिंतीला आणि धाब्याला काळी माती शक्यतो वापरली नाही, पांढरी वापरली. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे त्यांना शेतातच दिसत होते. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण घरचेच आहे. आमच्या पुतण्याने गावी शेतात घर बांधायचे ठरवले आहे, आणि तेही मातीत थोडे सिमेंट मिसळून, मशीनमध्ये दाबून काढलेल्या ब्लॉकचे. भट्टी नाही, जळण नाही, मातीची वाहतूक नाही. विचार उत्तम आहे. प्रश्न एवढाच की माती कुठली? तो म्हणतो शेतातली, घरची. त्याचे चुलते म्हणतात गढीची पांढरी आणा, जुन्या माणसांना कळत होते. दोन्हीकडून मला फोन येतात (मी बीए, तोही इतिहास घेऊन, पण गुरुजी म्हटले की सगळे येत असणार असा लोकांचा समज असतो). मग काही महिने मिळेल ते वाचले. ते इथेच लिहितो, म्हणजे सगळ्यांना एकदम वाचता येईल आणि माझे फोनही वाचतील.

माती आणि सिमेंट यांचे लग्न पहिल्यांदा लागले ते भिंतीसाठी नव्हे, रस्त्यासाठी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा गावी १९१५ साली एक रस्ता शिंपले, वाळू आणि सिमेंट चक्क नांगराने कालवून आणि वर दाबून केला होता. पण तो झाला अंदाजपंचे प्रकार. मोजून मापून केलेला पहिला रस्ता म्हणून १९३५ सालच्या साउथ कॅरोलायनातल्या जॉन्सनव्हिलजवळच्या रस्त्याचे नाव घेतात. मधल्या वीस वर्षांत काय घडले होते? मातीकडे पाहायची नजर तयार झाली होती. स्वीडनमधल्या अ‍ॅटरबर्ग नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९११ साली मातीचा चिकटपणा मोजायची रीत काढली होती. ओल्या मातीची वळी हाताने वळत जायची, ती तीन मिलिमीटर जाडीची होताना तुटायला लागली की तो एक टप्पा. आणखी पाणी घालून ती वाहायला लागली की तो दुसरा. या दोन टप्प्यांतल्या पाण्याच्या टक्केवारीतला फरक म्हणजे त्या मातीचा 'प्लॅस्टिसिटी इंडेक्स'. आपल्याकडे शेवया आणि गव्हले वळणाऱ्या बायका पिठाची परीक्षा अशीच करतात, फक्त त्याचा आकडा कोणी मांडून ठेवला नाही. पुढे १९३३ साली प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने दाखवले की प्रत्येक मातीला तिचे असे ठरावीक पाणी असते. तेवढ्याच ओलीवर ती ठोकली तर सर्वांत घट्ट बसते, कमी-जास्त झाले की पोकळ राहते.

हा अ‍ॅटरबर्गचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. फाळणीनंतर पंजाबात निर्वासितांचे लोंढे आले. विटा भाजायला कोळसा हवा, कोळसा आणायला वाघिणी हव्यात, आणि माणसे तर उघड्यावर. तेव्हा १९४८ मध्ये कर्नाल येथे सुमारे ४००० घरे माती-सिमेंटच्या भिंतींची बांधली गेली. ब्लॉक नव्हेत, फळ्यांच्या साच्यात ओलसर माती-सिमेंट भरून धुमसाने ठोकलेल्या सलग भिंती. सिमेंट अगदी थोडे. वर्मा आणि मेहरा या दोन अभियंत्यांनी १९५० साली इंडियन काँक्रीट जर्नलमध्ये पंजाबातल्या या कामावर लेख लिहिला. एवढ्या मोठ्या संख्येने अशी घरे आपल्याकडे त्याआधी झाली नव्हती. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. ज्यांचे सर्वस्व सीमेपलीकडे राहिले त्यांना छप्पर मिळाले ते पायाखालच्या नव्या मातीतूनच.

पण ती माती कुठली होती, हे विचारायला आपण विसरतो. कर्नाल यमुनेच्या अंगाला आहे. तिथला गाळ बारीक वाळूचा, कमी चिकट. थोडक्या सिमेंटमध्ये काम झाले त्याचे बरेचसे श्रेय या मातीला आहे. (अर्थात तिथलीही सगळी माती गुणी नव्हे. त्याच भागात खारवट जमिनी इतक्या की केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ सालीच कर्नालला आली. मिठाची गोष्ट पुढे येते आहे.)

इथे जरा विज्ञान. मला समजले तेवढेच सांगतो.

मातीत ढोबळमानाने तीन गोष्टी असतात : वाळू, गाळ आणि चिकणमाती. साध्या मातीच्या भिंतीत चिकणमाती हाच डिंक. ती नसेल तर भिंत उभीच राहणार नाही. पण सिमेंट घातले की खेळ बदलतो. आता डिंकाचे काम सिमेंट करणार आहे. पाण्याशी संयोग होऊन सिमेंटचा जो घट्ट लगदा तयार होतो तो वाळूच्या कणांना एकमेकांशी बांधतो. आणि चिकणमाती? तिचे कण इतके बारीक की ते वाळूच्या दाण्यावर लेप देऊन बसतात, गोळ्या होऊन राहतात, सिमेंटला आत शिरू देत नाहीत आणि त्यातला चुना स्वतःकडे ओढून घेतात. म्हणजे कालचा सोयरा आज भागीदारीतला भांडखोर. तरी ती अजिबात नको असेही नाही. मशीनमधून नुकताच निघालेला ओला ब्लॉक हातात उचलताना मोडत नाही तो चिकणमातीमुळेच. म्हणून वाळू दोनतृतीयांश किंवा त्याहून थोडी जास्त आणि चिकणमाती १० ते १५ टक्क्यांच्या आसपास, असे प्रमाण बहुतेक जाणकार सांगतात.

त्यातही चिकणमातीची जात महत्त्वाची. लाल मातीत, जांभ्याच्या मातीत बहुधा केओलिनाइट असते. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मधे पाणी शिरत नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी सहज शिरते आणि ते फुगते. पाणी गेले की आकसते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर जवळजवळ आठशे चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे कबड्डीची सहा मैदाने! केओलिनाइटचे तेवढेच वजन पसरले तर दहा-वीस चौरस मीटर, एखादी खोली. आता एवढ्या मैदानांना पुरेल इतके सिमेंट आणणार कुठून? शिवाय काळ्या मातीत अशी चिकणमाती पुष्कळदा ४० ते ६० टक्के भरते.

हे इतके खोलात सांगितले कारण पुढची सगळी गंमत आणि फजिती यातच आहे.

१९५०च्या दशकात दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या गृहनिर्माण केंद्रात राउल रामिरेझ या चिलीच्या अभियंत्याने एक हातयंत्र बनवले. लोखंडी पेटी, वर झाकण आणि एक लांब दांडा. पेटीत ओलसर माती-सिमेंट भरायचे, दांडा ओढायचा, ब्लॉक बाहेर. ना वीज, ना इंजिन. केंद्राच्या नावावरून त्याला 'सिन्व्हा-राम' म्हणू लागले. दोन माणसे उचलून कुठेही नेतील असे ते यंत्र जगभर फिरले. लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया, जिथे घरांची टंचाई तिथे हे किंवा त्याचे भाऊबंद पोचले. यंत्र गावोगाव जाते. माती मात्र जिथली तिथे असते, आणि पुष्कळ ठिकाणी यंत्र नेणाऱ्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही.

असे एक यंत्र मी पाहिले आहे. १९८०च्या आसपास मी नोकरीला होतो त्या गावी कुठल्याशा योजनेतून ते आले. गावच्या शाळेला दोन खोल्या हव्या होत्या. शाळेमागच्या शेतातलीच काळी माती खणली, सिमेंट मिसळले, ब्लॉक पाडले. मशीनमधून निघाले तेव्हा काय देखणे होते! कडा अशा की सुरीने कापल्यासारख्या. आठ दिवसांत केसासारख्या भेगा दिसू लागल्या. पहिल्या पावसाळ्यात कोपरे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेची भिंत, जिच्यावर झड येई ती, इतकी मऊ झाली की मुले नखाने आपली नावे कोरत. वरून सिमेंटचा गिलावा केला तर तो पापडासारखा सुटून पडला, कारण आतला ब्लॉक फुगत-आकसत होता आणि गिलावा नव्हता. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळत असे. गावाने एका दमात निकाल दिला : सिमेंट कोणीतरी खाल्ले! खाल्ले असेलही, मी काही साक्षीदार नाही. पण आज वाटते की सगळे पोतेच्या पोते त्यात पडले असते तरी त्या मातीपुढे फार फरक पडला नसता. शेवटी त्या खोल्या पाडल्या. आणि त्यानंतर त्या पंचक्रोशीत 'मातीचा ब्लॉक' म्हटले की लोक हसायचे.

याच सुमारास बंगळुरात वेगळेच चालले होते. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू केला. त्यात के. एस. जगदीश आणि पुढे बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी मातीच्या ब्लॉकवर वर्षानुवर्षे काम केले. आधी माती तपासायची, वाळू कमी असेल तर वाळू मिसळायची, मग यंत्र. बंगळूरची लाल माती केओलिनाइटच्या जातीची, हे त्यांचे भाग्य. पण भाग्यावर विसंबून ते राहिले नाहीत हे महत्त्वाचे. तमिळनाडूत ऑरोव्हिलला तशीच लालसर, वाळूची माती. तिथे साधारण ५ टक्के सिमेंट घालून ब्लॉक करतात. तिथल्या अभ्यागत केंद्राच्या इमारतीला १९९२ साली हसन फती यांच्या नावाचा, गरिबांसाठीच्या वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला. पुतण्याने मला मोबाईलवर जे फोटो पाठवले ते त्या भागातल्या इमारतींचेच आहेत. बाबा रे, फोटोतल्या भिंतीचा रंग बघ आणि आपल्या शेताचा रंग बघ!

आणि आता तो लक्षात ठेवलेला आकडा. १९९५ साली पॉल वॉकर या अभ्यासकाने वेगवेगळ्या प्रमाणात चिकणमाती असलेल्या मातींचे ब्लॉक करून त्यांची ताकद, टिकाऊपणा आणि आकसणे मोजले. निष्कर्ष सरळ होता. सिमेंट वाढले की ताकद वाढते, चिकणमाती वाढली की घटते. प्लॅस्टिसिटी इंडेक्स ५ ते १५ असेल ती माती सर्वांत चांगली. २०-२५च्या पुढे गेला की हातयंत्र आणि परवडेल एवढे सिमेंट यांत काम होत नाही. आपल्या काळ्या मातीचा हा आकडा बहुधा त्याच्याही पुढे असतो. माझ्या त्या शाळेच्या भिंतीचा शवविच्छेदन अहवालच म्हणायचा हा.

एक बारकावा सांगतो. कोरडा ब्लॉक दाबून पाहिला तर चिकणमातीचाही चांगला जोर दाखवतो. खरी परीक्षा भिजल्यावर. पाण्यात बुडवून ठेवलेला ब्लॉक कोरड्याच्या निम्म्या ताकदीचा, कधी त्याहूनही कमी भरतो. म्हणून आपल्या भारतीय मानकात (क्रमांक १७२५, पहिल्यांदा १९६० साली आले, १९८२ आणि २०१३ मध्ये सुधारले) ताकद मोजायची ती ओल्या ब्लॉकची. १९८२च्या आवृत्तीत साध्या वर्गाच्या ब्लॉकला दर चौरस सेंटिमीटरला किमान २० किलो अशी अट होती. एकमजली घराला तेवढे खूप झाले. विकणारा कोरडा ब्लॉक उंचावरून टाकून दाखवतो, त्याला भुलू नये. रात्रभर बादलीत ठेवायला सांगावे.

मातीवर रागवायला आपल्याकडे आणखी एक कारण घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. सुमारे आठ हजार माणसे गेली. माळवदाची घरे कोसळली आणि सर्वांच्या मनात 'मातीचे घर म्हणजे मरण' हे कायमचे बसले. खरे तर त्या भिंती मातीच्या नव्हत्या, दगडांच्या होत्या. जाड, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, सांध्यांत नुसता चिखल, आणि डोक्यावर टनावारी मातीचे छत. ज्यांचे तिथे कोणी गेले त्यांना हे समजावायला जाणे बरे नव्हे, मी कधी गेलो नाही. पण घर बांधणाऱ्याने हा फरक मनात ठेवावा, आणि ब्लॉक कितीही चांगला असला तरी काँक्रीटचे आडवे पट्टे सोडू नयेत.

मग काळ्या मातीत काहीच होत नाही का? होते, पण सिमेंटच्या आधी चुन्याकडे जावे लागते. चुना त्या चिकणमातीशीच हातमिळवणी करतो. तिचे कण एकत्र आणून गोळे करतो, फुगण्याची खोड कमी करतो आणि मग सावकाश, महिनोन् महिने, घट्ट होत जातो. दुसरा मार्ग वाळू वाढवण्याचा. आपल्याकडे काळीच्या खाली दोन-चार हात खणले की मुरूम लागतो. तो चाळून, त्यात क्रशरची कच मिसळून, काळी अगदी थोडी, नुसती चिकटपणापुरती घ्यायची. वरची हातभर माती तर घ्यायचीच नाही, त्यात मुळे आणि कुजलेला पालापाचोळा असतो आणि तो सिमेंटला नीट जमू देत नाही.

आणि गढीची पांढरी? इथे माझे मत चुलत्यांच्या विरुद्ध आहे. पांढरी धाब्याला उत्तम होती, लिंपायला उत्तम होती. मातीच्या भिंतीसाठी आपल्या लोकांनी केलेली ती निवड होती. सिमेंट त्यांच्यापुढे नव्हतेच. जुन्या वस्तीच्या मातीत राख असते, शेण-मूत मुरलेले असते, क्षार असतात. उत्तरेत अशाच जुन्या गावठाणांच्या मातीतून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत असत. जुन्या वाड्यांच्या भिंतीला खालून लोणा लागतो आणि पोपडे निघतात ते याच क्षारांमुळे. त्यांत सल्फेट असले तर ते सिमेंटमधल्या घटकांशी मिळून आतल्या आत फुगतात आणि ब्लॉक वर्ष-दोन वर्षांत फुटतो. शिवाय गढी एका दिवसात झालेली नाही. हातभर अंतरावर माती बदलते, आज आणलेली ट्रॉली एक आणि उद्याची दुसरी. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा गढीचा पूर्वेचा बुरूज अर्धा नाहीसा झालेला होता. जेसीबीच्या दातांच्या रेघा ताज्या होत्या. मातीत काळे खापर, बांगड्यांचे तुकडे चमकत होते. गावचा कुठेही न लिहिलेला इतिहास ट्रॉलीतून चालला आहे, आणि तोही ज्या कामाला ती माती नीट लागू पडणार नाही अशा कामासाठी!

असो. आता पुतण्याला गृहपाठ. (मास्तरकी जात नाही.)

काचेची सरळ बाटली घे, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, आणि खूप हलव. वाळू मिनिटभरात खाली बसेल, गाळ अर्ध्या तासात, चिकणमातीला रात्र लागेल. सकाळी पट्टीने थर मोज. दुसरे, ६० सेंटिमीटर लांब आणि चार-चार सेंटिमीटर रुंद-खोल अशी लाकडी पेटी करून आतून तेल लाव, चिखल ठासून भर आणि सावलीत वाळू दे. वाळल्यावर पट्टी किती आखडली ते मोज. सिन्व्हा-रामच्या काळापासून ही परीक्षा चालत आली आहे. जितकी आखडेल तितके सिमेंट जास्त, आणि फारच आखडली तर ती माती सोडून दे. पाण्याचा अंदाज मुठीत लाडू वळून घे. छातीच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर पाणी कमी, थापला गेला तर जास्त. ब्लॉक काढल्यावर कच्च्या विटेसारखे उन्हात मांडू नकोस. गोणपाट झाकून तीन आठवडे पाणी मारायचे, यात कंजूषी नको. आणि क्षारांची तपासणी मात्र बाटलीत होत नाही, त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागेल.

तीन नमुने कर : शेतातल्या काळीचा, विहिरीच्या कडेला टाकलेल्या मुरुमाचा, आणि दोन्ही मिसळून एक. बाटल्यांवर चिठ्ठ्या लाव. फोटो काढताना बाटलीशेजारी पट्टी उभी ठेव, नाहीतर मला इथे बसून थर मोजता येणार नाहीत.